डोळ्यांखालची सूज आणि ‘नैसर्गिक’ क्रीमची डबी

सकाळी आरशात डोळ्यांखाली सूज दिसली की उपनगरात राहणारी बाई पहिला दोष झोपेला देते आणि दुसरा मोबाइलला. बोरिवली किंवा मुलुंडहून सकाळची लोकल पकडायची, रात्री साडेआठ-नऊला परत यायचे, मग स्वयंपाक आणि उद्याचे डबे. झोप मिळते साडेपाच तास. तेव्हा हा दोष बहुतेक वेळा खोटाही नसतो. पण सूज रोज दिसू लागली, भोवतीचे काळेपणही जाईना, की गल्लीतल्या पार्लरमध्ये एक छोटी डबी मिळते. ‘हर्बल’, ‘नॅचरल’, ‘नो साइड इफेक्ट्स’ असे लिहिलेली. कधी काहीच न लिहिलेली. दोन-तीन आठवड्यांत काळेपण खरोखर उतरते. मैत्रिणी विचारतात, काय लावतेस? सूज मात्र राहते, किंबहुना वाढते, म्हणून क्रीमही थोडे जास्त लावले जाते.

डॉक्टरांनी थबकायला हवे ते इथेच. सकाळी डोळ्यांभोवती येणारी आणि दुपारपर्यंत ओसरणारी सूज ही मूत्रपिंडाच्या आजाराची जुनी, पाठ्यपुस्तकातली खूण आहे. मूत्रपिंडाची गाळणी बिघडली की रक्तातली प्रथिने लघवीतून वाहून जातात आणि पाणी ऊतींमध्ये साठते. रात्रभर आडवे राहिल्यावर ते शरीरातल्या सर्वांत सैल जागी जमते. ही जागा म्हणजे पापण्या आणि डोळ्यांखालची त्वचा. दिवसभर उभे राहिले की तेच पाणी पायांत उतरते. जी सूज घालवण्यासाठी क्रीम लावले जाते, ती सूज त्या क्रीमनेच आणलेली असू शकते. वाचायला विचित्र वाटेल, पण महाराष्ट्रात हे घडलेले आहे.

अकोल्याच्या एका कुटुंबाची बातमी २०२३ च्या सुरुवातीला मुंबईच्या वृत्तपत्रांत आली होती. कॉलेजात शिकणाऱ्या तरुणीने ब्युटी पार्लरमधून चेहऱ्याचे क्रीम आणले. तिचा चेहरा उजळला हे शेजाऱ्यांच्याही लक्षात आले, तेव्हा आई आणि बहीणही तेच क्रीम वापरू लागल्या. काही महिन्यांत तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. एका घरातल्या तिघींना एकाच वेळी तोच आजार होणे हा योगायोग नसतो. आनुवंशिक म्हणावा तर तो असा एकदम उगवत नाही. शोध घेता घेता प्रकरण परळच्या केईएम रुग्णालयापर्यंत पोहोचले आणि तिथे तपासणीत क्रीममध्ये पारा सापडला. मर्यादेपेक्षा थोडाथोडका नव्हे, कित्येक पटींनी जास्त.

यात नशिबाचा भाग किती होता, तेही पाहायला हवे. तिघी आजारी पडल्या म्हणून संशय आला. एकटी मुलगी आजारी पडली असती तर ‘कारण अज्ञात’ असे लिहून उपचार सुरू झाले असते आणि डबी आरशापुढेच राहिली असती. पाऱ्याचा शोध लागायला अकोल्याहून जवळपास सहाशे किलोमीटरवरच्या परळला यावे लागले, हेही विसरता येत नाही.

अकोल्याच्याच सुमारास केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांना तसाच अनुभव येत होता. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी’ या आजाराचे २२ रुग्ण आले. या आजारात मूत्रपिंडाच्या गाळणीचा पडदा जाड होतो आणि प्रथिने गळू लागतात. २२ पैकी १५ जणांच्या पडद्यात ‘नेल-१’ नावाचे प्रथिन आढळले. हा प्रकार एरवी विरळ समजला जातो. खोदून विचारल्यावर त्या १५ पैकी १३ जणांनी त्वचा उजळवणारे क्रीम वापरत असल्याचे सांगितले. हा अभ्यास २०२४ मध्ये ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात आला. त्यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की क्रीम थांबवल्यावर बहुतेकांचा आजार आटोक्यात आला. आधुनिक वैद्यकात इतके स्वस्त उपचार फार थोड्या आजारांना लाभतात. अट एकच, कोणीतरी विचारले पाहिजे.

पाराच का? त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्यासाठी एक विकर लागते. पारा त्या विकराचे काम रोखतो. म्हणून पारा ‘गुण’ देतो आणि लवकर देतो. तो स्वस्त आहे, पांढऱ्या क्रीममध्ये सहज मिसळतो, वासाने कळत नाही. डोळ्यांभोवतीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ. पापणीवर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. तिथे तैलग्रंथी कमी, खाली चरबीचा थरही नाही. त्यामुळे लावलेले पटकन आत जाते. रक्तात गेलेला पारा मूत्रपिंडात साठतो. शिवाय वर्षानुवर्षे वापरल्यावर पाऱ्याचे कण त्वचेतच बसतात आणि करडी-निळसर छटा येते, तीही मुख्यत्वे पापण्यांवर आणि नाकाच्या कडेच्या वळ्यांत. म्हणजे काळेपण घालवायला गेलेली बाई काही वर्षांनी असे काळेपण घेऊन बसते, जे कुठल्याच क्रीमने जात नाही.

प्रश्न लावणारीपुरताही राहत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियातील काही कुटुंबांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी क्रीमला हातही लावला नव्हता अशा घरातल्या माणसांच्या, मुलांच्याही, लघवीत पारा वाढलेला आढळला. टॉवेल, उशीचा अभ्रा, आईचे हात आणि पाऱ्याची वाफ एवढे त्याला पुरते. घाटकोपरच्या दहा बाय पंधराच्या खोलीत पाच माणसे झोपत असतील, तर त्या घरात ‘क्रीम फक्त मी लावते’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

कायद्यात पाऱ्याला बंदी आहेच, असे कोणी म्हणेल. ती अर्धवट आहे, आणि तिची फट नेमकी डोळ्यांपाशी आहे. केंद्राच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारा दशलक्षात १ भागापेक्षा जास्त असता कामा नये. पण केवळ डोळ्यांच्या भागासाठी असलेल्या प्रसाधनांत टिकाऊपणासाठी दशलक्षात ७० भागांपर्यंत पारा चालतो. सर्वांत नाजूक जागेला सर्वांत मोठी सूट, हे उलटे वाटेल. त्यामागे एक कारण होते. मस्कारा, लायनर यांची कांडी रोज पापणीला लागून पुन्हा बाटलीत जाते. तिच्याबरोबर जंतूही जातात आणि त्यांतले काही बुबुळाला जखम करून दृष्टी घालवू शकतात. पाऱ्याची संयुगे अल्प प्रमाणात हे जंतू चांगले मारतात. तेव्हा दुसरे चांगले पर्याय कमी होते. आज ते आहेत. पाऱ्यावरच्या मिनामाता करारात भारत २०१८ पासून सामील आहे. त्या कराराच्या देशांनी २०२३ च्या अखेरीस जिनिव्हात ठरवले की पारा घातलेली सर्व सौंदर्यप्रसाधने २०२५ पर्यंत बंद करायची. दशलक्षात १ भागाची पळवाटही त्यांनी काढून टाकली. त्यानंतर डोळ्यांसाठी वेगळी खिडकी उघडी ठेवण्याचे समर्थन करणे अवघड आहे.

मात्र अकोल्याची डबी या ७० भागांच्या सवलतीतून आलेली नव्हती. ती मुळात कुठल्याच नियमातून आलेली नव्हती. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक परवाना असलेल्या कारखान्यात जातात, दुकानातून नमुने घेतात. ज्या डबीवर कंपनीचे नाव नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, तिचा कारखाना शोधायचा कुठे? पार्लरवाली बाई सांगते, घाऊक बाजारातून आणले. खोटे बोलत नसते ती. बहुतेक वेळा तिने ते स्वतःच्या चेहऱ्यालाही लावलेले असते, आणि दिवसभर दहाजणींना लावताना तिच्या बोटांतून गेलेले असते ते वेगळेच. या साखळीत सर्वांत जास्त पारा कदाचित तिच्याच शरीरात असेल. धाडी टाकताना हे ध्यानात ठेवले, तर पार्लरे माहिती लपवण्याऐवजी देऊ लागतील.

आता ‘नैसर्गिक’ या शब्दाकडे वळू. सौंदर्यप्रसाधन नियमांत त्याची व्याख्याच नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या नावाने होणाऱ्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. ‘नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’, ‘इको-फ्रेंडली’ असे शब्द पुराव्याशिवाय आणि स्पष्टीकरणाशिवाय वापरू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. पाऊल योग्य आहे. पण ते टीव्हीवर जाहिरात करणाऱ्यांना लागू पडेल. बिननावाच्या डबीला नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची? आणि शब्दाचा खरा घोळ कायद्याच्या पलीकडचा आहे. पारा नैसर्गिकच आहे. शिसेही.

शिशाचे उदाहरण तर डोळ्यांतच आहे. सुरमा पूर्वी अँटिमनीच्या खनिजाचा असे. पण बाजारात मिळणाऱ्या सुरम्यात कित्येकदा गॅलिना, म्हणजे शिशाचे खनिज, असते. दिसायला ते तसेच काळे आणि चमकदार. डोळ्यांत घातलेला सुरमा अश्रूंबरोबर नाकात आणि घशात उतरतो, बाळ डोळे चोळून बोटे चोखते, आणि शिसे पोटात जाते. मेंदूची वाढ होत असताना शिशाची सुरक्षित अशी पातळी नसते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात चिंता करावी इतके शिसे आहे. त्याला जुन्या बॅटऱ्या, रंग, मसाले अशी अनेक कारणे आहेत. सुरमा त्यांतले एक, पण सहज टाळता येण्याजोगे.

घरच्या काजळाबद्दल आज्या हमखास वाद घालतात. एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर ताटली धरून केलेल्या काजळात शिसे नसते, हे त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे. पण काजळीचे कण, न उकळलेले तूप आणि न धुतलेले बोट नवजात बाळाच्या डोळ्यांत जायला नको. एकाच डबीतून एकाच बोटाने आई, मुलगी आणि तान्हे बाळ यांच्या डोळ्यांत काजळ घालण्याच्या पद्धतीने खुपऱ्या पसरत असत आणि त्यांतून किती जणांची दृष्टी गेली, हे जुन्या पिढीतले नेत्रतज्ज्ञ सांगतात. खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून हटल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिली. ती डबी पुन्हा सगळ्यांत फिरवू नये. बाळाला तीट लावायचीच तर ती कपाळाच्या कडेला किंवा तळपायाला लावावी. दृष्ट तिथूनही लागायची थांबते. मोठ्यांनीही काजळ पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर रोज भरले तर तिथल्या तैलग्रंथींची तोंडे बुजतात आणि वारंवार रांजणवाडी येते.

स्वयंपाकघरातले उपाय त्यामानाने सौम्य, पण निर्धोक नाहीत. काकडी किंवा बटाट्याची चकती थंड असते म्हणून रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि सूज तासाभरासाठी कमी दिसते. गुण थंडाव्याचा, बटाट्याचा नव्हे. ओला रुमालही तेच करतो. लिंबू मात्र डोळ्यांजवळ आणूच नये. त्याच्या रसावर ऊन पडले की त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे महिनोन्महिने न जाणारा डाग राहतो. कोरफडीच्या पानाचा गर चालतो, पण सालीलगतचा पिवळा चीक खाज आणतो. सुगंधी तेलांनी पापणीला ॲलर्जी होणे ही त्वचारोग विभागात नेहमीची गोष्ट आहे, आणि ते तेल लव्हेंडरचे की टी ट्रीचे याने फरक पडत नाही. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असे अभिमानाने लिहिलेले पाणीदार जेल जुलैच्या दमट हवेत पंधरा दिवस ठेवले, तर त्यात काय वाढत असेल ते मस्काऱ्याच्या गोष्टीवरून ओळखता येईल.

पापणीला खाज सुटून ती काळवंडते, तेव्हा कारण अनेकदा पापणीवर लावलेलेच नसते. नेलपॉलिश, केसांचा कलप, अत्तर यांचे अंश बोटांवाटे डोळ्यांपर्यंत जातात. हाताची कातडी जाड, तिला काही होत नाही. पापणी पातळ, ती सुजते. मग रुग्ण डोळ्यांचे क्रीम बदलत राहते आणि कलप तसाच चालू राहतो.

पाऱ्याइतकीच दुसरी धास्ती स्टिरॉइडची. मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी, तीन औषधे मिसळलेली गोरेपणाची ट्यूब अनेक घरांत सापडते. यांतली कित्येक स्टिरॉइड मलमे केंद्राने २०१८ मध्ये अनुसूची ‘एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. प्रत्यक्षात काय होते ते अंधेरी स्टेशनबाहेरच्या कुठल्याही रांगेत उभे राहून पाहावे. डोळ्यांभोवती महिनोन्महिने स्टिरॉइड चोळले तर त्वचा आणखी पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि वर्तुळे अधिक गडद भासतात. त्याहून वाईट म्हणजे डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि त्यात दुखत काहीच नाही. पार्लरच्या डबीत ही ट्यूब पिळून मिसळलेली असणे नवीन नाही.

मग डोळ्यांभोवतीच्या काळेपणाचे करायचे काय? आधी हे मान्य करायला हवे की आपल्याकडे तो बऱ्याच जणांत आनुवंशिक असतो. आईला आहे, मामाला आहे, मुलीला आहे. तो आजार नाही आणि कोणतेच क्रीम तो पुसत नाही. काहींना तो हाडांच्या ठेवणीमुळे पडणाऱ्या सावलीचा असतो. उरलेल्यांत धुळीची ॲलर्जी आणि सतत डोळे चोळणे हे मोठे कारण आहे, आणि पुनर्विकासाची बांधकामे चाललेल्या उपनगरांत ते आणखी मोठे. ॲलर्जीवर औषध घेतले तर वर्षभरात फरक दिसतो. रक्तक्षयाने त्वचा फिकी पडते आणि काळेपण उठून दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांना डोळ्यांच्या क्रीमपेक्षा लोहाच्या गोळ्यांची गरज आहे, आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. उन्हात छत्री किंवा गॉगल, रात्री मेकअप हलक्या हाताने खोबरेल तेलाने काढणे, कोरड्या पापणीला पेट्रोलियम जेलीचा पुसट थर, एवढे पुष्कळ झाले. पेट्रोलियम जेली खनिज तेलातून येते, तिला कोणी नैसर्गिक म्हणणार नाही. पण पापणीला तिच्याइतके निरुपद्रवी थोडेच काही असेल.

डबी घरात असेलच तर ओळखण्याच्या काही खुणा आहेत. निर्मात्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसणे ही पहिली. ‘कॅलोमेल’ किंवा ‘मर्क्युरस क्लोराइड’ ही नावे म्हणजे पाराच. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ ही सूचना असेल तर संशय पक्का समजावा, कारण पारा सोन्याला धरतो; जी डबी मंगळसूत्राला चालत नाही ती पापणीला कशी चालेल? आणि दोन आठवड्यांत रंग उजळणे ही स्वतःच धोक्याची खूण आहे. सुरक्षित उपायांना महिने लागतात.

अशी डबी मोरीत धुऊन रिकामी करू नये. उपनगरांचे सांडपाणी शेवटी मालाडच्या आणि ठाण्याच्या खाडीकडेच जाते. गाळातले जंतू पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांतून ताटात परत येतो. जपानमधल्या मिनामाताची शोकांतिकाही माशांतून ताटात आलेल्या मिथाइल पाऱ्यानेच घडली. कराराचे नाव तिथूनच आले. रुग्णालयांनी पाऱ्याचे तापमापक काढून डिजिटल आणले ते याच कारणाने. एका तापमापकात पारा असतो सुमारे अर्धा ते दीड ग्रॅम. दशलक्षात १०,००० भाग पारा असलेल्या ३० ग्रॅमच्या डबीत तो ०.३ ग्रॅम भरतो. दोन-तीन डब्या म्हणजे एक फुटलेला तापमापक, तोही चेहऱ्यावर चोळलेला. डबी घट्ट बंद करून, पिशवीत बांधून वेगळी ठेवावी आणि ती अन्न व औषध प्रशासनाच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयात तक्रारीसोबत द्यावी. फेकलेल्या डबीतून काहीच कळत नाही. दिलेल्या डबीतून कदाचित पुढचा कारखाना सापडेल.

राहता राहिली तपासणी. रक्तातला पारा मोजणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्या आहेत, पण सुरुवात त्याने करायची नसते. लघवीत प्रथिने आहेत का, हे पट्टी बुडवून मिनिटभरात कळते आणि ही सोय पालिकेच्या दवाखान्यातही आहे. महिन्याहून अधिक काळ सकाळी डोळ्यांखाली सूज असेल, लघवीला फेस येऊन तो बराच वेळ टिकत असेल, घोट्याशी मोज्याचा वळ उमटत असेल, तर ही तपासणी आणि रक्तदाब दोन्ही त्याच दिवशी करून घ्यावे. जाताना डबी पर्समध्ये टाकून न्यावी. बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला दोन-तीन मिनिटे मिळतात. त्यांत गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारले जाते, चेहऱ्याला काय लावता हे बहुधा नाही. डॉक्टर विसरले, तर रुग्णानेच डबी टेबलावर ठेवावी.